पंच क्रमांक एकचा वेग

सुपडू मुरलीधर भावसार हे राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे वेगवान गृहस्थ आहेत, हे आंबेनेर गावाला एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला कळलं. खुद्द सुपडूशेठना ते साडेदहाला कळलं, कारण सव्वादहा ते साडेदहा ते अर्ध्यावर अडकलेलं दुकानाचं शटर वर ढकलत होते.

दुकान चष्म्यांचं. 'भावसार ऑप्टिकल्स'. पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर. आत एक फिरती खुर्ची, एक अक्षरांचा तक्ता आणि एकसष्ट वर्षांचे सुपडूशेठ. यांपैकी तक्ताच काय तो अधूनमधून जागचा हलायचा. वारा आला की.

"शेठ, ताशी अकराशे चाळीस!" शेजारचे भांडीवाले कांतीलाल ओसवाल मोबाइल नाचवत आले. "विमानाच्या वर गेलात तुम्ही!"

"काय अकराशे चाळीस?"

"किलोमीटर!"

सुपडूशेठनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, मग कांतीलालच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर ठेवला. पडद्यावर त्यांचंच नाव होतं. खाली वडिलांचं नाव, दुकानाचा पत्ता आणि एक आकडा: पंचनामे, सहाशे चौदा.

त्याचं असं झालं होतं.

२०३३ च्या जूनमध्ये सरकारने 'खुलं दप्तर' सुरू केलं. राज्यातल्या सगळ्या कोर्टांची गेल्या सत्तर वर्षांची कागदपत्रं, निकाल, जबान्या, पंचनामे, कुणालाही घरबसल्या, फुकट. त्याआधी एका निकालाची नक्कल हवी असली तर अर्ज, तिकीट, शिपाई, 'साहेब जेवायला गेलेत' आणि 'उद्या या' एवढं सगळं पार करावं लागे. आता नाव टाकलं की झालं. पहिल्या पंधरवड्यात तालुक्यातली अकरा लग्नं मोडली, चार जुळली, आणि एका माणसाला आपण १९९८ पासून फरार आहोत हे समजलं. तो बिचारा इतकी वर्षं रेशन दुकान चालवत होता.

कागद स्कॅन करणं सोपं होतं. अवघड होतं ते वाचणं. पोलिसांचं अक्षर त्यांचं त्यांना लागत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञांनी जे यंत्र शिकवून तयार केलं, ते अक्षर बघतच नसे. कागदावर पेनाचा दाब कुठे पडला, शाई कुठे साचली, हात कुठे उचलला, हे पाहून ते लिहिणाऱ्याच्या हाताची हालचाल पुन्हा उभी करी आणि त्या हालचालीवरून शब्द ओळखी. त्यामुळे एक जास्तीची गोष्ट हाती लागली. सहीतली लय. एकाच नावाची दहा माणसं असली तरी सह्यांवरून यंत्र त्यांना वेगळं काढी, आणि एकाच माणसाने दहा ठिकाणी सही केली असली तरी त्याला बरोबर एका जागी गोळा करी.

मग राहिलं फक्त मणी ओवणं. कोर्टाच्या प्रत्येक कागदात कोण, कुठे आणि किती वाजता हे असतंच. यंत्राने प्रत्येक माणसाचे असे सगळे मणी वेळेप्रमाणे एका दोऱ्यात ओवले. दोन मण्यांत अंतर किती, वेळ किती, साधा भागाकार. चौथीतली पोरं करतील असा. आजवर तो कुणी केला नव्हता, कारण एक मणी एका कोर्टाच्या माळ्यावर होता आणि दुसरा दुसऱ्या कोर्टाच्या तळघरात.

सुपडूशेठच्या दोऱ्याचा भागाकार केल्यावर यंत्राला आढळलं की ३ मे २०१७ रोजी हा इसम एका ठिकाणाहून अडतीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या ठिकाणी दोन मिनिटांत पोहोचला होता. शिवाय एकतीस वेळा तो एकाच वेळी दोन जागी होता. आणि एकदा तीन.

खरी गोष्ट साधी होती. २००० पासून समोरच्या ठाण्यातून हवालदार दगा सोनवणे कागदांचा गठ्ठा घेऊन रस्ता ओलांडत आणि म्हणत, "काय भो सुपडूशेठ, दोन सह्या." धाड पडली, चोरीचा माल सापडला, खुनातलं हत्यार निघालं, की कायद्याला दोन त्रयस्थ पंच लागतात, ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. आता रानात अकरा वाजता त्रयस्थ माणूस आणायचा कुठून? सुपडूशेठ मात्र हमखास जागेवर असत. 'समक्ष' असं छापलेल्या जागेखाली ते सही ठोकत. बदल्यात कुणी काही देत नसे. फक्त दुकानाची पाटी चार फूट रस्त्यात आली होती आणि ती कुणाला दिसत नसे. गावातल्या सगळ्यांची नजर तपासणारा माणूसच पंच, म्हणजे नजरेबद्दल शंका घ्यायला जागा नाही, असं सोनवणे म्हणत. २०२४ मध्ये पंचनाम्याचा व्हिडिओ काढायचा नियम आला. आता खरोखरच जावं लागणार हे कळताच सुपडूशेठनी पंचगिरीतून निवृत्ती घेतली.

पहिले चार दिवस त्यांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. तालुका क्रीडा संघटनेने शाल दिली. शाळेतली पोरं 'जेटशेठ' म्हणून हाका मारू लागली. भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक देवरे सर टेप घेऊन आले, सुपडूशेठच्या पोटऱ्या मोजल्या आणि वहीत लिहून घेतल्या.

"सर, हे सगळं कागदावरचं आहे हो," सुपडूशेठ पुटपुटले.

"अणूसुद्धा आधी कागदावरच होता," सर म्हणाले आणि दुसरी पोटरी मोजायला घेतली.

तोवर घरी शैलावहिनींनी मोबाइल हातात घेतला होता.

शैलावहिनींनी आयुष्यात नवऱ्याचं काही वाचलं नव्हतं, कारण त्याने काही लिहिलंच नव्हतं. आता अचानक सहाशे चौदा प्रकरणं मिळाली. सकाळी कुकर लावून त्या वाचत बसत. कोर्टातल्या नवऱ्याच्या जबान्याही त्यांनी वाचून काढल्या. प्रत्येकीच्या शेवटी तेच वाक्य: 'मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.' शनिवारी दुपारी सुपडूशेठ जेवायला बसले, तेव्हा ताटात वरण पडायच्या आधी प्रश्न पडला.

"सात नोव्हेंबर दोन हजार चौदा. संध्याकाळी पाच ते सात. कुठे होतात?"

"दुकानात."

"इथे लिहिलंय, चांदणी लॉज, खोली क्रमांक सहा."

"अगं, तो छापा होता. मी पंच होतो."

"म्हणजे लॉजवर गेला होतात."

"गेलो होतो, हे म्हणणे खरे नाही," सुपडूशेठच्या तोंडून सवयीने निघालं.

"मग कोर्टात शपथेवर कसं सांगितलंत, की पलंगावर गुलाबी चादर होती?"

"सोनवण्याने सांगितलं होतं गुलाबी म्हणून!"

"गीतेवर हात ठेवून तुम्ही गुलाबी म्हणालात. बायकोला हात न ठेवता दुकानात म्हणताय. मी कुठलं धरू?"

कोर्टात खरं बोललो म्हणावं तर घर जातं, घरात खरं बोललो म्हणावं तर कोर्ट. सुपडूशेठनी हात धुतला, तडक दुकानात गेले आणि माळ्यावरून नोंदवह्यांचा गठ्ठा खाली काढला. गिऱ्हाईक आलं की नाव, गाव, वेळ, दोन्ही डोळ्यांचे नंबर लिहायचे, ही वडिलांची शिस्त त्यांनी एक दिवसही मोडली नव्हती. खोटं लिहायचा प्रश्नच नव्हता. नंबर चुकला तर माणूस जिन्यावरून पडतो.

२०१४ च्या वहीत सात नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाच ते सात या वेळात सात गिऱ्हाइकं होती. शैलावहिनींनी सातही जणांना फोन केले. त्यातल्या मंजुळाबाईंनी तर तो चष्मा अजून वापरत असल्याचं सांगितलं.

"बरं," शैलावहिनी वही मिटत म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही नवरा म्हणून चांगले आहात. माणूस म्हणून काय ते बघावं लागेल."

त्या दिवसापासून सुपडूशेठना बसवेना. खुर्चीत टेकले की उजवा पाय आपोआप हलायला लागे. उठून दारापर्यंत जात, परत येत, तक्ता सरळ करीत, पुन्हा दाराशी. पंचवीस वर्षं एका जागी बसून राज्यात तिसरा आलेला माणूस आता दिवसाला चार किलोमीटर दुकानातल्या दुकानात चालू लागला. कारण चांदणी लॉज ही एक वही झाली. यंत्राने दाखवलेल्या आणखी एकतीस तारखा होत्या. आणि त्या सगळ्यांच्या वह्या माळ्यावर होत्या.

सोमवारी एक मुलगी दुकानात आली. बावीस-तेवीस वर्षांची, नर्सिंगच्या कॉलेजचा पांढरा ड्रेस. नाजमीन तडवी, सातोडे गावची. तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली.

"काका, एक चष्मा करायचाय. माणूस येऊ शकत नाही. जेलच्या डॉक्टरने नंबर लिहून दिलाय."

"जेलच्या?"

"माझे अब्बा. रसूल तडवी. अकरा वर्षं झाली. आधी दिसायचं त्यांना. आता लांबचं दिसत नाही आणि पत्र लांब धरलं तरी वाचता येत नाही."

सुपडूशेठ चिठ्ठीवर वाकले. वाकून राहणं सोयीचं होतं.

"तुम्ही ओळखता त्यांना," नाजमीन म्हणाली. आवाज चढवला नव्हता. इंजेक्शन द्यायच्या आधी बोलतात तसं बोलत होती. "सोळा फेब्रुवारी दोन हजार बावीस. सव्वाअकरा ते सव्वाबारा. आमच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीखालून त्यांनी रक्ताची कुऱ्हाड काढून दिली, असं कागदात आहे. तुमच्या समक्ष. दुसरे पंच पानटपरीवाले होते, ते वारले. त्या कुऱ्हाडीवर अब्बांना जन्मठेप लागली, कारण दुसरा पुरावाच नव्हता. मी बारा वर्षांची होते. त्या दिवशी गोठ्याच्या दारात उभी होते, काका. पोलीस आले होते. तुम्ही नव्हता. कुऱ्हाड जीपमध्ये होती."

"कोर्टात सांगितलं नाहीस?"

"बारा वर्षांची मुलगी, त्यात आरोपीची. वकील म्हणाले, कोण ऐकणार. पंचनामा बघायला मागितला तर नक्कल मिळायला दोन वर्षं गेली आणि निम्मी पानं वाचताच येत नव्हती. आता मोबाइलवर आलंय सगळं. तुम्ही त्याच वेळी आंबेनेरच्या बसस्टँडवर गांजा पकडत होता."

सुपडूशेठना रसूल आठवत होता. कोर्टात 'आरोपीला ओळखता का' असं विचारल्यावर त्यांनी लगेच ओळखलं होतं, कारण पिंजऱ्यात तो एकटाच होता.

"खंडपीठात अपील आहे," ती म्हणाली. "तुमची साक्ष पुन्हा घ्यायची म्हणून इथल्या कोर्टाला कळवलंय. समन्स येईल तुम्हाला. मी भांडायला नाही आले. चष्मा कधी मिळेल?"

"गुरुवारी," सुपडूशेठ म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी २०२२ ची वही काढली. खरंतर काढायची गरज नव्हती. पान त्यांना आधीच ठाऊक होतं, शनिवारी इतर तारखा शोधताना त्यांनी ते पाहून पटकन उलटलं होतं. सोळा फेब्रुवारी. सकाळी साडेअकरा. 'दगा सोनवणे, पोलीस ठाणे. उजवा उणे दीड, डावा उणे दोन.' कागदावर ज्याने सातोड्याच्या गोठ्यात बसून पंचनामा लिहिला, तो आणि ज्याच्या समक्ष लिहिला, तो, दोघेही त्या वेळी याच दुकानात होते. एक खुर्चीत बसून तक्त्यावरची अक्षरं वाचत होता आणि दुसरा काचा बदलत होता.

बुधवारी सोनवणे रस्ता ओलांडून आले. आता ते सहायक फौजदार होते आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते.

"काय भो, अस्वस्थ दिसतोस. बस ना."

"बसवत नाही."

"ऐक. दोन पंचनाम्यांत वेळ एकच पडलीय. तू एवढंच सांग, की सातोड्याचा खरा, बसस्टँडच्या कागदावर वेळ लिहिताना चूक झाली. बसस्टँडचा तो गांजावाला तसाही मेला. कुणाचं काही जात नाही."

"रसूलचं जातं."

"रसूलचं आधीच गेलंय. तुझं अजून आहे." सोनवण्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "खोट्या साक्षीला सात वर्षं आहेत. जन्मठेपेच्या खटल्यात असेल तर जास्त. तू दुकानात होतास म्हणालास, की सहाशे चौदा केसेस उघडतील. त्यातले बरेच खरे चोर आहेत, शेठ. मी पकडलेत ते. ते सगळे तुझ्या नावाने सुटतील आणि तू त्यांच्या जागी आत. हिशेब लागतो का?"

"ही कुऱ्हाड?"

सोनवण्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "वरून घाई होती," ते म्हणाले. मग उठले. "आणि त्या वह्या माळ्यावर ठेवू नकोस. उंदीर फार झालेत."

त्या दुपारी सुपडूशेठनी रसूलच्या काचा घासायला घेतल्या. काच फिरत्या चाकावर धरायची तर माणूस स्थिर लागतो. पायच स्थिर नव्हता. दोन काचा वाया गेल्या. तिसरी घेतली तेव्हा शैलावहिनी डबा घेऊन आल्या, उघड्या वहीवर नजर टाकली, पान वाचलं आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर हात दाबून बसून राहिल्या. काच नीट निघाली.

"मी आत गेलो तर?" सुपडूशेठनी विचारलं.

"दुकान मी बघीन. अक्षरं वाचून घ्यायची तर घ्यायची. त्यात काय आहे एवढं?"

आयुष्यभराच्या धंद्याबद्दल हे ऐकून सुपडूशेठना जरा लागलं, पण वेळ ती नव्हती.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. निम्मं गाव रसूलसाठी आलं होतं आणि निम्मं 'जेटशेठ' बघायला. देवरे सर टेप घेऊन पुढच्या बाकावर होते. रसूल तडवी दोन पोलिसांच्या मध्ये उभा होता. केस पांढरे, नाकावर नवा चष्मा. त्या चष्म्यातून तो साक्षीच्या पिंजऱ्यातल्या सुपडूशेठकडे बघत होता. निरखून, डोळे न मिचकावता. नंबर बरोबर बसला होता.

शपथ झाली. रसूलच्या वकील बडगुजर बाई उठल्या.

"साक्षीदार, सोळा फेब्रुवारी दोन हजार बावीसला सव्वाअकरा ते सव्वाबारा तुम्ही सातोड्याच्या गोठ्यात होतात की बसस्टँडवर?"

सरकारी वकील पुढे झुकले. मागच्या भिंतीशी सोनवणे उभे होते. सुपडूशेठचा पाय पिंजऱ्याच्या लाकडावर टकटक वाजत होता आणि टंकलेखकाने त्या तालावर बोटं ठेवली होती.

"दुकानात," सुपडूशेठ म्हणाले.

"म्हणजे दोन्हीपैकी कुठेच नाही?"

"कुठेच नाही. मी कधीच कुठे गेलो नाही, बाई. पंचवीस वर्षांत एकदाही नाही. सहाशे चौदापैकी एकही पंचनामा माझ्या समक्ष झालेला नाही. ते कागद फक्त माझ्या दुकानात आले."

"मग त्या वेळी तुम्ही काय पाहिलं?"

"डोळे. सोनवणेसाहेबांचे. उजवा उणे दीड, डावा उणे दोन. साडेअकराला. वही आणली आहे."

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय बोलताय आणि त्याचे परिणाम काय, हे कळतंय ना तुम्हाला? कुणाच्या सांगण्यावरून बोलताय का?"

सुपडूशेठच्या ओठांवर ते जुनं वाक्य आपोआप आलं. त्यांनी सवयीने म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं होतं.

"मी कुणाच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे," ते म्हणाले, "हे म्हणणे खरे नाही."

जबानी संपून तिच्यावर सही होताच ती नियमाप्रमाणे खुल्या दप्तरात गेली. यंत्राने ती वाचली, सुपडूशेठच्या दोऱ्यातले सहाशे चौदा मणी एकेक करून काढून टाकले आणि पुन्हा भागाकार केला. बाहेर पायरीवर देवरे सरांनी मोबाइल उघडला. 'सुपडू मुरलीधर भावसार. सर्वाधिक वेग: ताशी शून्य.' सरांनी पोटऱ्यांची मापं लिहिलेलं पान फाडून खिशात ठेवलं.

पुढच्या महिन्यात खंडपीठाने रसूलची शिक्षा स्थगित करून त्याला जामिनावर सोडलं. सोनवणे निलंबित झाले. सहाशे चौदा प्रकरणांतल्या अडुसष्ट जणांचे सुटकेचे अर्ज पहिल्याच आठवड्यात आले, आणि त्यांतले काही खरोखरच चोर होते. त्यांतल्या एकाने सुपडूशेठना पेढे आणून दिले. ते पेढे तीन दिवस काउंटरवर पडून होते. सुपडूशेठना ते खाववेनात आणि टाकवेनात.

मग एका सकाळी बदलून आलेल्या तरुण फौजदार बाई दुकानात आल्या. सुपडूशेठवर खोट्या साक्षीचा गुन्हा दाखल झाला होता आणि वह्या जप्त करायच्या होत्या. पंचवीस वह्या. कॅमेरा सुरू झाला. आणि मग बाईंना आठवलं, की पंच हवेत.

आंबेनेरमध्ये आता पंच मिळणं अवघड होतं. माणसं पोलीस दिसले की हात खिशात घालत. शेवटी एक पंच म्हणून देवरे सर, शास्त्रासाठी, तयार झाले. दुसरे म्हणून कांतीलाल ओसवालना भांड्यांच्या दुकानातून उठवून आणलं.

पंचनामा चालू असतानाच रसूल तडवी दारात आला. त्याच्या चष्म्याची एक काडी ढिली झाली होती.

"कामात आहात?" त्याने विचारलं.

"मी नाही, ते आहेत," सुपडूशेठ म्हणाले. "या. द्या इकडे."

फौजदार बाई वह्या मोजून लिहीत होत्या. सुपडूशेठ बारीक पेचकस घेऊन स्क्रू पिळत होते. रसूल चष्म्याविना, धूसर डोळ्यांनी, आपल्या अकरा वर्षांचा कागद जिथे सही झाला त्या काउंटरला हात टेकून उभा होता. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि त्यातलं काहीही स्क्रू पिळता पिळता म्हणण्यासारखं नव्हतं.

"झालं," फौजदार बाई म्हणाल्या. "ओसवालशेठ, इथे सही."

भांड्यांच्या दुकानावर गिऱ्हाईक थांबलं होतं. कांतीलालनी पेन घेतलं आणि 'समक्ष' लिहिलेल्या जागेखाली नेलं.

सुपडूशेठनी त्यांचं मनगट धरलं.

"कांती, काय लिहिलंय त्यात?"

"असेल की बरोबर. मॅडमनी लिहिलंय."

"तुझा चष्मा कुठाय?"

"दुकानात राहिला."

सुपडूशेठनी खण उघडला, अधिक दोनचा एक नमुन्याचा चष्मा काढला आणि कांतीलालच्या नाकावर ठेवला. तो नीट बसेना, तेव्हा दोन्ही काड्या कानामागे स्वतःच्या हातांनी दाबल्या.

"वाच," ते म्हणाले. "पहिल्या ओळीपासून. मोठ्याने."

कांतीलालनी फौजदार बाईंकडे बघितलं. बाईंनी कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेरा सुरूच होता. कांतीलाल घसा खाकरून वाचू लागले. गल्लीतली माणसं एकेक करून दाराशी थांबली. रसूलने दुरुस्त झालेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तोही ऐकू लागला. तिसऱ्या पानावर सतराव्या वहीचं वर्ष चुकलेलं सापडलं. देवरे सरांनी ते पकडलं. बाईंनी कपाळावर हात मारला आणि दुरुस्ती केली.

अजून आठ वह्या बाकी होत्या. सुपडूशेठ फिरत्या खुर्चीत बसले. त्यांनी खाली बघितलं. पाय हलत नव्हता.